मागचे शॉकअप बदललेत, पण जुळवलेत का?



बाजारातून बैल आणायचा तर आपण काय काय पाहतो! दात मोजतो, खूर बघतो, चार पावले चालवून पाहतो, आणि घरी आणल्यावरही पहिल्या दिवशी त्याला पूर्ण ओझ्याला जुंपत नाही. जोडीदाराशी त्याचे पाऊल जुळते की नाही ते पाहून मगच जू मानेवर देतो. पण मोटारसायकलला नवे शॉकअप बसवताना मात्र आपण तांबड्या रंगाची स्प्रिंग आणि चकचकीत डबी पाहिली की भुलतो. दुकानदार तासाभरात जोड बसवून देतो, आपण पैसे मोजतो आणि थेट बाजाराच्या वाटेला लागतो. जुळवणे नावाचे काही काम बाकी आहे, हे दुकानदारही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

हे लिहिण्याला कारण आमच्याच घरात घडले. माझी थोरली बहीण, अक्का, निफाड तालुक्यात गोदाकाठी राहते. चार एकर द्राक्षबाग, दोन गाई आणि घरात एकच मोटारसायकल. तीच बाजाराला, तीच दवाखान्याला आणि तीच देवदर्शनाला. गाडीचे मागचे शॉकअप तेल गळून पार बसले होते. भाच्याने तालुक्याच्या गावी एका दुकानातून बाहेरच्या बनावटीचे, बाजूला वायूची डबी असलेले शॉकअप घेतले. बसवताना डावीकडची डबी साडी गार्डला लागू लागली. मेकॅनिकने साडी गार्डच काढून हातात दिले आणि म्हणाला, “घरी ठेवा, आता कोण लावतंय हे!” वर स्प्रिंगही शेवटच्या खाचेवर चढवून दिली, का तर माल वाहायचा आहे.

पुढच्याच मंगळवारी अक्का वणीच्या गडाला निघाली. नऊवारी लुगडे, एका बाजूला पाय सोडून बसलेली. नांदुरीचा घाट चढताना गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून ताडकन उडत होती. एका उडीत अक्काचा खोचलेला पदर सुटला आणि चाकात गेला. चढ होता, गाडी हळू होती, भाच्याने ताबडतोब ब्रेक मारला म्हणून निभावले. पदर फाटला, अक्का खाली पडली आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत घरातली कर्ती बाई एका हाताने भाकरी थापायला बघत होती. भाचा मला म्हणाला, “मामा, चांगलं करायला गेलो आणि हे झालं.”

चूक त्याच्या मनाची नव्हती. अर्धे काम करून थांबल्याची होती. ते उरलेले अर्धे काम काय असते, ते आज समजून घेऊ.

शॉकअपच्या पोटात काय असते?

शॉकअपमध्ये दोन वेगवेगळी कामे करणारे दोन गडी असतात. पहिला गडी स्प्रिंग. ती वजन उचलून धरते आणि खड्डा आला की दबते. पण स्प्रिंगला एक खोड आहे. दाबली तेवढ्याच जोराने ती परत उसळते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका खड्ड्यानंतर ती झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील आणि चाक रस्ता सोडून उडेल.

म्हणून दुसरा गडी लागतो. स्प्रिंगच्या आत नळी असते, नळीत तेल असते आणि तेलात बारीक भोके असलेला दट्ट्या सरकतो. पिचकारीत पाणी भरून जोराने दाबा, हाताला विरोध लागतो. तसाच विरोध इथे तेल करते. उसळीचा जोर तेल भोकांतून ढकलण्यात खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून दहा मैल आल्यावर शॉकअपच्या नळीजवळ हात नेऊन पाहा, ऊब लागेल. तुमच्या कमरेला बसणारे धक्के त्या उबेत जिरलेले असतात.

आता वायूची डबी कशाला? ताक घुसळताना फेस येतो ना, तसे जोराने वरखाली होणाऱ्या तेलात हवा मिसळली की फेस होतो. फेसाला विरोध करता येत नाही, आणि शॉकअप ढिला पडतो. तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवला की फेस धरत नाही. ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना उभा राहिला. तिथली लढाऊ विमाने निफाड-दिंडोरीच्या बागांवरून जाताना आपण पाहतो. ती विमाने धावपट्टीवर उतरतात तेव्हा त्यांच्या चाकांच्या पायांतही तेल आणि वायू हेच दोघे धक्का सोसत असतात. तत्त्व एकच, आकार वेगळा.

आणि ही विद्या काही परमुलखातली नाही. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीची सुरुवात १९६१ साली मुंबईत झाली आणि तिचा एक कारखाना आपल्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. दुचाकीचे शॉकअप तिथे बनतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजलाही एंड्युरन्स कंपनी हेच काम करते. चाकणला बनलेल्या बजाजच्या पल्सर गाड्यांना तर कंपनीकडूनच डबीवाले शॉकअप येऊ लागले. तेव्हा डबी असणे वाईट नाही. पण बाजारात काही जोड असे असतात की डबी नुसती शोभेची, आत वायूही नाही आणि तेलाशी तिचा संबंधही नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

घेताना हे पाहा

एकेकाळी खेड्यात राजदूत होती, येझदी होती. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि आज वस्तीवस्तीवर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या आहेत. प्रत्येकीचे शॉकअप सारखे दिसले तरी सारखे नसतात. दुकानात जाताना घरून माप घेऊन जा.

पहिले माप लांबीचे. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, चाक अधांतरी असताना मोजा. नवा जोड त्याच लांबीचा हवा. दोन सेंटिमीटरने लांब घेतला तर गाडी मागून उंच होते, हँडल हलके आणि चंचल लागते, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि दिव्याचा झोत जवळ पडतो. आखूड घेतला तर टायर मडगार्डला घासायची भीती.

दुसरे, बुशाचे भोक आणि बोल्ट यांची जाडी जुळली पाहिजे. पत्र्याचा तुकडा गुंडाळून सैल भोक भरून देणारे महाभाग आहेत. त्यांना हात जोडून परत यावे.

तिसरे, स्प्रिंग तुमच्या गाडीच्या वजनाची हवी. मोठ्या गाडीची जाड स्प्रिंग हलक्या गाडीला लावली तर एकट्या माणसाला ती दबतच नाही. मग शॉकअप असून नसल्यासारखा.

चौथे आणि आपल्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साडी गार्ड. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे संरक्षण गाडीला असावेच लागते. म्हणजे साडी गार्ड ही शोभेची वस्तू नव्हे. जो शॉकअप साडी गार्ड काढल्याशिवाय बसत नाही, तो तुमच्या गाडीचा नाही असे खुशाल समजा. दुकानातून निघण्यापूर्वी दोन माणसे गाडीवर बसवा, गाडी पूर्ण दाबा आणि डबी, नळी किंवा स्प्रिंग ही साडी गार्ड, चेन कव्हर, सायलेन्सर यांपैकी कशालाही टेकत नाही हे डोळ्यांनी पाहा.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर शोरूममध्येही आधी विचारा. बाहेरचा भाग लावल्याने हमीवर काय परिणाम होतो, ते लेखी कळलेले बरे.

आगाऊ दाब म्हणजे काय?

शॉकअपच्या खालच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. बहुतेक गाड्यांना तिच्या ५ खाचा असतात. टोकाला आकडी असलेला पाना लावून ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. हा झाला आगाऊ दाब. लोक म्हणतात, “खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते.” हा समज पुरता खरा नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

हिशेबाने पाहू. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून दर २० किलो वजनाला १ सेंटिमीटर दबतात. आगाऊ दाब १ सेंटिमीटर ठेवला, तर पहिल्या २० किलोंना स्प्रिंग हलणारच नाही. १०० किलो वजन आले की ती आणखी ४ सेंटिमीटर दबेल. आता आगाऊ दाब २ सेंटिमीटर केला. १०० किलोंना स्प्रिंग ३ सेंटिमीटर दबेल. म्हणजे गाडी १ सेंटिमीटर वर उचलली गेली. पण त्यापुढच्या प्रत्येक २० किलोला स्प्रिंग अजूनही १ सेंटिमीटरच दबणार! स्प्रिंगची ताकद बदलली नाही, फक्त गाडी किती उंचीवर उभी राहते ते बदलले.

मग एकटा माणूस पाचव्या खाचेवर बसला तर काय होते? गाडी ताठ उभी राहते, खाली बसतच नाही. पुढे खड्डा आला की चाकाला खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही. चाक अधांतरी होते, गाडी आपटते आणि मागे बसलेला माणूस उडतो. नांदुरीच्या घाटात हेच घडले होते.

बसकण मोजा

वजन पडल्यावर गाडी जेवढी खाली बसते, तिला आपण बसकण म्हणू. ती मोजायला टेप, वही, खडू आणि दोन माणसे एवढेच लागते.

१. आधी दोन्ही टायरमधली हवा पुस्तकात किंवा चेन कव्हरवरच्या पट्टीवर दिली असेल तेवढी भरा. मागच्या चाकाला एकट्याचा आकडा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो, तो पाहा. हवा चुकली तर पुढचे सारे मोजमाप फुकट.

२. गाडी सपाट ओट्यावर मेन स्टँडवर लावा. मागचे चाक जमिनीपासून सुटलेले हवे. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डवर किंवा सीटच्या कडेला खडूची खूण करा. ते अंतर मोजा. समजा, ते ५० सेंटिमीटर भरले.

३. गाडी स्टँडवरून काढा. नेहमी चालवणारा माणूस नेहमीच्या कपड्यांत बसू द्या, पुढून दुसऱ्याने हँडल धरावे. दोनदा हलकेच दाबून गाडी सोडा आणि त्याच खुणेपर्यंत पुन्हा मोजा. समजा, ४७ भरले. म्हणजे बसकण ३ सेंटिमीटर.

४. आता मागचे चाक एकूण किती वरखाली होऊ शकते, ते गाडीच्या पुस्तकात पाहा किंवा जाणत्या मेकॅनिककडून मोजून घ्या. समजा, ते १० सेंटिमीटर आहे. बसकण त्याच्या पावपटीपासून साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत असावी, म्हणजे इथे अडीच ते साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. आपली ३ आहे, ठीक आहे.

५. मागे घरच्या माणसाला बसवा. पुन्हा मोजा. अंतर ४५.५ झाले, म्हणजे बसकण साडेचार. ही जास्त झाली. गाडी परत मेन स्टँडवर घेऊन दोन खाचा वाढवा. पुन्हा मोजल्यावर ४६.५ आले, तर बसकण साडेतीन. जमले!

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही काढा. आणि वहीत लिहून ठेवा: एकटा, अमुक खाच, दोघे, अमुक खाच, माल, अमुक खाच. फवारणीच्या नोंदी ठेवता ना? त्याच वहीचे एक पान याला द्या.

शेवटच्या खाचेवर आणूनही दोघांची बसकण फारच जास्त राहिली, तर दोष खाचेचा नाही. स्प्रिंग हलकी आहे किंवा वजन जास्त आहे. उलट पहिल्या खाचेवरही एकटा माणूस बसल्यावर गाडी जेमतेम सेंटिमीटरभर दबली, तर स्प्रिंग तुमच्या गाडीला फार जड आहे. दोन्ही प्रसंगी दुकानदाराकडे परत जावे.

खाच फिरवताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. चाक अधांतरी असतानाच फिरवा. आधी चिखल धुऊन काढा. दोन्ही बाजूंना एकच खाच ठेवा; एकीकडे दुसरी आणि एकीकडे चौथी असेल तर चाकाचा चिमटा पिळला जातो आणि बुश लवकर जातात. काही महाग शॉकअपला खाचांऐवजी आटे असतात. तिथे आधी कुलपाची कडी सैल करा, दुसरी फिरवा, उघडे आटे दोन्हीकडे सारखे मोजा आणि कुलूप पुन्हा घट्ट करा.

उसळी आवरणारा स्क्रू

बाहेरच्या काही शॉकअपला खालच्या टोकाशी एक छोटी कडी किंवा स्क्रू असतो. फिरवला की टकटक असा आवाज येतो. तो तेलाची वाट लहानमोठी करतो. दबलेली स्प्रिंग किती वेगाने वर यावी, ते यावर ठरते. डबीवर आणखी एक स्क्रू असेल तर तो बहुधा दबण्याच्या वेगाचा. ज्या शॉकअपला हे स्क्रू नाहीत, त्यात जुळवायला फक्त खाच आहे. नसलेला स्क्रू शोधत बसू नये.

स्क्रू असेल तर असे करा. आधी बसकण पक्की करून घ्या. पाया झाल्यावर कळस. मग स्क्रू घट्ट होण्याच्या दिशेने हलकेच फिरवत शेवटापर्यंत न्या आणि टकटक मोजा. जोर लावू नका, आतली सुई नाजूक असते. आकडा लिहा. कागदात बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा असेल तर तिथे आणा, नसेल तर मधोमध आणा. दोन्ही बाजू सारख्या.

आता शिवारातला अर्धा मैलाचा असा रस्ता निवडा, ज्यात एक गतिरोधक, थोडे खड्डे आणि एक वळण आहे. हेल्मेट घालून, ताशी ३०-३५ किलोमीटरच्या वेगाने त्यावरून जा. परत या, एका वेळी एकच स्क्रू, एक-दोन टकटक एवढाच बदला आणि पुन्हा त्याच वेगाने जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, अगदी दोन औषधे एकाच पंपात घातल्यासारखे.

काय जाणवले तर काय करावे?

गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग वर फेकला जातो, दोन-तीनदा डुलतो: उसळी फार मोकळी आहे, स्क्रू थोडा घट्ट करा.

पहिला खड्डा सोसला, दुसरा जड गेला, तिसऱ्या-चौथ्याला गाडी दगडासारखी लागली: उसळी फार आवळली आहे. एका खड्ड्यातून स्प्रिंग वर येण्याआधीच दुसरा येतो आणि गाडी खाली खालीच बसत जाते. स्क्रू थोडा सैल करा.

मोठ्या खड्ड्यात धाडकन तळाला लागते: आधी बसकण तपासा, मग दबण्याचा स्क्रू थोडा घट्ट करा. तरीही लागले तर वजन कमी करा.

बारीक खडीवरही कमरेत टोचत राहते: टायरमधली हवा पाहा, खाच उतरवा, दबण्याचा स्क्रू सैल करा.

हे जुळवणे भर थंडीत पहाटे करू नका. निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा नळीतले तेल दाट झालेले असते आणि पहिले काही मैल गाडी कडकच लागते. चार-पाच मैल चालवून मग पाहावे.

शॉकअप जुळला की चेन तपासायला विसरू नका. गाडी वर-खाली झाली की चेनचा ताणही बदलतो. बहुतेक लहान गाड्यांत चेनला मधोमध दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ लागतो. नेमका आकडा पुस्तकात असतो. माणूस बसल्यावर चेन तारेसारखी ताणली जात असेल तर ती सैल करून घ्यावी. नवे बोल्टही शंभरएक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळावेत.

ओझ्याचा खरा हिशेब

शॉकअप कितीही भारी घेतला तरी गाडीची मर्यादा वाढत नाही, हे मात्र काळजावर कोरून ठेवा. शंभर सीसीच्या आसपासच्या गाड्यांना चालवणाऱ्यासकट साधारण १३० किलोच्या आगेमागे वजन सांगितलेले असते. तुमच्या पुस्तकात नेमका आकडा मिळेल. चालवणारा ६५ किलोचा धरा. युरियाची एक गोणी ४५ किलोची. झाले ११०. दुसरी गोणी ठेवली की १५५! कांद्याचे ५० किलोचे पोते आणि वर टोमॅटोची जाळी घेऊन पिंपळगावच्या बाजाराला निघालेल्या गाड्या आपण रोज पाहतो. तिथे शॉकअप तग धरेल, पण टायर, चाकाच्या तारा, ब्रेक आणि सांगाडा यांची ताकद काही शॉकअपबरोबर वाढलेली नसते. उतारावर ब्रेक दाबल्यावर ते कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक. माल उतरवला की खाच खाली आणायला विसरू नका. सकाळी मालासाठी चढवलेली खाच संध्याकाळी तशीच राहते आणि त्याच गाडीवर आई दवाखान्यात जाते. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते केल्याने म्हाताऱ्या माणसाचे मणके वाचतात. दुधाच्या कॅनचेही तसेच. आणि द्राक्षाची जाळी मागे बांधून नेणाऱ्याला तर विचारा, कडक गाडीवर घडांतले किती मणी सुटून तळाशी जमतात!

हे कदापि करू नका

वायूची डबी किंवा शॉकअपची नळी घरी उघडू नका. आत वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो. तिला भोक पाडू नका, तापवू नका, जवळ वेल्डिंग करू नका, जुनी झाली तरी आगीत टाकू नका. ज्या डबीत नायट्रोजन सांगितला आहे, तिच्यात टायरची हवा भरू नका.

दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय काढू नका; ती सुटली तर गोळीसारखी येते.

एकच शॉकअप बदलू नका. जोडीतला एक म्हातारा आणि एक तरणा बैल नांगराला चालत नाहीत, तसेच हे.

तेल गळणाऱ्या शॉकअपची खाच वाढवून वेळ मारून नेऊ नका. तेल गेले म्हणजे उसळी आवरणारा गडीच पळाला. स्प्रिंग आवळून तो परत येत नाही. पारख सोपी आहे: गाडीचा मागचा भाग जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा डुलला तर जोड बदलायची वेळ झाली.

गाडी उंच करण्यासाठी किंवा दिसण्यासाठी चिमट्याला नवी भोके, पट्ट्या, वेल्डिंग असले उद्योग करू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बनवणाऱ्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करायला मनाई आहे. अपघात झाला तर विम्याच्या वेळीही हेच आडवे येते.

शेवटी अक्काची गोष्ट

प्लॅस्टर निघाले त्या आठवड्यात मी आणि भाचा एका रविवारी अंगणात बसलो. डबीवाला जोड दुकानात परत दिला होता. थोडे पैसे कापून दुकानदाराने तो घेतला. त्याबदली गाडीच्या मापाचा, बाहेर डबी नसलेला साधा जोड आणला. पहिले काम केले ते साडी गार्ड जागेवर बसवण्याचे. मग भाच्याने टेप धरला, मी वही धरली आणि त्याच्या बायकोने मागे बसून मोजमापाला हातभार लावला. एकटा असताना दुसरी खाच आणि दोघे असताना चौथी, असे आमच्या गाडीचे उत्तर निघाले. ते सीटखाली रंगाने लिहून ठेवले. सगळे मिळून दोन तास लागले, आणि त्यात मधला चहाही आला.

अक्का काही लगेच तयार झाली नाही. “मला एसटीच बरी,” म्हणाली. भाच्याने आग्रह केला नाही. महिनाभराने बँकेत अंगठा द्यायला जायचे होते आणि गाडी सुटली होती, तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचून ती मागे बसली. परत आल्यावर मी विचारले, “काय अक्का, कसं वाटलं?” तर म्हणाली, “बरं वाटलं. पोटातलं पाणी हललं नाही.”

तेव्हा मंडळी, हा अंक वाचून झाला की उठा आणि आधी आपल्या गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन पाहा. साडी गार्ड जागेवर आहे ना? मग वाकून दोन्ही खाचा मोजा. सारख्या आहेत ना? एवढे तरी आजच करा. टेप, वही आणि खडू रविवारी काढता येतील.